खिशातलं लिनक्स

सकाळी विरारहून चर्चगेटची लोकल पकडणाऱ्याला गर्दीत लॅपटॉप सांभाळणं म्हणजे शिक्षाच. त्यापेक्षा अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच यूएसबी ड्राइव्हवर घालून खिशात ठेवता येते. जिथे जाल तिथला संगणक सुरू होताना एफ १२ दाबायचं (काही कंपन्यांच्या संगणकांत एफ ९ किंवा एस्केप), यूएसबी निवडायची, की आपलं लिनक्स हजर. ऑफिसच्या मशीनवर मात्र विचारल्याशिवाय नको.

यात लोक हमखास एक गल्लत करतात. 'रूफस'सारख्या प्रोग्रामने लिनक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर चढवली की बनतं ते 'लाइव्ह' लिनक्स. बदल साठवण्याची (पर्सिस्टन्सची) सोय ठेवली नसेल, तर बंद करताच केलेले बदल गायब. कायमचं हवं असेल, तर या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून दुसऱ्या ड्राइव्हवर रीतसर इन्स्टॉल करावं लागतं. हा दुसरा ड्राइव्ह निदान ३२ जीबीचा, शक्यतो बाहेरून जोडायची एसएसडी असावी. स्वस्त पेनड्राइव्ह रडवतो.

खरी मेख बूटलोडरमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या 'ग्रब' या छोट्या प्रोग्राममध्ये आहे. इन्स्टॉलर पुष्कळदा तो यूएसबीऐवजी संगणकाच्या आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकतो. मग ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालत नाही, आणि तो काढला की घरचा पीसीही 'ग्रब'च्या काळ्या पडद्यावर अडकू शकतो. म्हणून इन्स्टॉल करण्यापुरती आतली डिस्क काढून ठेवावी किंवा बायॉसमधून बंद करावी. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल, तर रिकव्हरी की आधीच लिहून घ्यावी.

लाइव्ह लिनक्सचा आणखी एक उपयोग आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबली. पण म्हणून जुना पीसी भंगारात घालण्याआधी त्यावर लाइव्ह लिनक्स चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासून पाहा. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.