वाशीमहून वकील व्हायचंय? शिष्यवृत्ती फॉर्म भरण्याआधीच ठरते, ती कशी?

लॉ सीईटी झाली, मार्क बरे आले आणि अकोला, अमरावती किंवा नागपूरचं कॉलेज लागलं. घरात पहिला प्रश्न येतो, फी किती? दुसरा, राहायचं कुठे? आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं, "स्कॉलरशिप मिळते ना?"

हा शेवटचा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा. कारण शिष्यवृत्ती नेहमी फॉर्म चुकल्यामुळेच जाते असं नाही. अनेकदा ती दोन महिने आधी चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या प्रवेशामुळे किंवा वेळेत न काढलेल्या एका दाखल्यामुळे जाते.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके, मुख्य पीक सोयाबीन, आणि नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव. ज्या घरात वर्षाचा हिशोब एका हंगामावर चालतो, तिथे शिष्यवृत्ती म्हणजे वरखर्चाचे पैसे नसतात. मुलगा किंवा मुलगी शिकणार की नाही, हे त्यावर ठरतं.

प्रवेश कसा घेतला, याने काय फरक पडतो?

सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. बारावीनंतरचा ५ वर्षांचा आणि पदवीनंतरचा ३ वर्षांचा, असे दोन्ही लॉ अभ्यासक्रम राज्यात सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून भरले जातात. त्यानंतर उरलेल्या जागा कॉलेज संस्था पातळीवर भरतं. काही जागा मॅनेजमेंट कोट्याच्या असतात.

फीमध्ये सवलत देणाऱ्या सरकारच्या मुख्य योजना कॅपमधून घेतलेल्या प्रवेशासाठी आहेत. त्यामुळे "कॅपमध्ये लांबचं कॉलेज लागलं, त्यापेक्षा जवळ मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ" असा विचार करत असाल, तर त्याची किंमत आधी मोजा. एकाच कॉलेजच्या एकाच वर्गात बसलेल्या दोघींपैकी एकीला फी माफ आणि दुसरीला पूर्ण फी, असं यामुळेच होऊ शकतं.

मी कोणत्या योजनेत बसते किंवा बसतो?

बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवरच करायचे असतात. योजना मात्र प्रवर्ग आणि उत्पन्नाप्रमाणे बदलते.

*अनुसूचित जाती:* कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतं. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप, ज्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं.

*अनुसूचित जमाती:* योजनेचं स्वरूप साधारण असंच आहे, पण ती आदिवासी विकास विभागाकडे आहे. वाशीमच्या विद्यार्थ्यांसाठी या विभागाचं प्रकल्प कार्यालय अकोल्यात आहे. वाशीमच्या समाजकल्याण कार्यालयात चकरा मारून हे काम होणार नाही.

*ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी:* शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा ८ लाखांपेक्षा कमी आहे. शिक्षण शुल्काची सवलत मात्र ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळते. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरच्या बंजारा विद्यार्थ्यांनी दोन्ही योजना तपासाव्यात. पहिली बसत नाही म्हणून दुसरी सोडू नये.

*खुला प्रवर्ग, ईडब्ल्यूएस, एसईबीसी:* राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्नमर्यादा ८ लाख, शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत, आणि लाभ एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत.

*मुली:* ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. "मुलींना शिक्षण मोफत" हे व्हॉट्सअॅपवर फिरणारं वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. कॅप, उत्पन्न आणि कॉलेजचा प्रकार, या तिन्ही अटी जुळाव्या लागतात.

फी सुटली, पण राहायचं-जेवायचं काय?

वाशीमच्या मुलांसाठी अनेकदा फीपेक्षा हाच खर्च जड असतो. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि वेगळा अर्ज करावा लागतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरावा. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. यात नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार, अमरावतीसारख्या विभागीय शहरात ५१ हजार आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अशाच धर्तीवर अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शाहू महाराज शुल्क योजनेत बसणाऱ्यांनी ही जरूर पाहावी. त्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो. ज्यांचं नाव या योजनेला आहे ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे आणि स्वतः बॅरिस्टर होते.

एक लक्षात ठेवा. राहण्यासाठीचा लाभ एकाच योजनेतून घेता येतो. वसतिगृहात जागा आणि वर स्वाधारही, असं चालत नाही.

कोणते कागद आधी काढायचे?

निकालाची वाट पाहू नका. सीईटीचा अर्ज भरला की लगेच हे सुरू करा:

- उत्पन्नाचा दाखला: तहसीलदारांचा. आर्थिक वर्ष बदललं की जुना दाखला निरुपयोगी ठरू शकतो, त्यामुळे एप्रिलनंतर नवा काढा.
- जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र: वैधतेसाठी जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा लागतो. सगळ्यात जास्त वेळ यालाच जातो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले शोधणं आताच सुरू करा.
- नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र: लागू असेल त्याप्रमाणे.
- अधिवास प्रमाणपत्र.
- गॅप सर्टिफिकेट: ३ वर्षांच्या एलएल.बी.ला येणारे अनेक जण मध्ये नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा करून आलेले असतात. खंड पडला असेल तर तसं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

अर्ज 'सबमिट' झाला म्हणजे झालं का?

नाही. इथून तीन ठिकाणी अर्ज अडकतो.

एक, *कॉलेजचा टेबल.* तुमचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, नंतर विभागाकडे. त्रुटी असेल तर तो तुमच्याकडेच परत येतो. एसएमएस येईलच या भरवशावर राहू नका. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहा.

दोन, *बँक खातं.* "माझं आधार बँकेला लिंक आहे" एवढं पुरत नाही. डीबीटीचे पैसे आधार क्रमांकाशी जे खातं सीड असतं, त्यातच जातात. दोन-तीन बँकांत खाती असतील तर पैसे भलत्याच, कदाचित बंद पडलेल्या खात्याकडे जाऊ शकतात. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत कळते.

तीन, *आलेले पैसे.* अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती कॉलेजला भरायची असते. घरच्यांना हे आधीच सांगा. नाहीतर ते पैसे खता-बियाण्यात जातात आणि वर्षाअखेरी कॉलेज थकबाकी दाखवतं.

आणि हो, नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही.

तारीख चुकली तर?

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा १७,५०० रुपये वेळेत न भरता आल्यामुळे गेली. ३० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ खालचे विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश मिळवून दिला. न्याय मिळाला, पण त्यासाठी दिल्ली गाठावी लागली. प्रत्येकाला ते जमणार नाही. त्यामुळे ऐनवेळी भरायच्या रकमेची सोय आधी करून ठेवा आणि शिष्यवृत्तीस पात्र असाल तर प्रवेशाच्या वेळी नेमकी किती रक्कम भरायची, हे कॉलेजला लेखी विचारा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर?

राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. तिथला पदवी प्रवेश क्लॅट परीक्षेतून होतो आणि फी बरीच जास्त असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख असून अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. कोणत्या संस्था यादीत आहेत, ते तिथेच तपासा. वंचित घरांतल्या मुलांना क्लॅटची तयारी करून देणारी 'इडिया' ही संस्था २०१० पासून काम करते आहे.

पण तिथे जागा नाही मिळाली म्हणून वाट बंद होत नाही. मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई यांनी कायद्याचं शिक्षण अमरावतीतच घेतलं होतं.

पदवी मिळाल्यावरचा खर्च?

सनद घेताना राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अधिवक्ता कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. ही रक्कम साधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मानधन द्यावं, असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तरी पहिल्या सीनिअरकडे बोलायला जाताना हा आकडा माहीत असावा.

मागायला संकोच वाटतो?

वाटू देऊ नका. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर अमेरिकेत शिकायला गेले आणि पुढे बॅरिस्टर झाले. ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर दिसते ती हीच योजना.

तुमच्या गावातलं कुणी यंदा लॉ सीईटी देत असेल, तर त्याला हे आजच पाठवा. निकाल लागल्यावर पाठवलंत, तर जात वैधतेसाठी उशीर झालेला असेल.