किल्ले गावठाणचा किल्ला

सीबीडी बेलापूरला महापालिकेच्या मुख्यालयापाशी ‘किल्ले गावठाण’ म्हणून चौक आहे. त्या नावातला किल्ला रोज हजारो माणसं उच्चारतात. तो पाहिलेली किती असतील?

शहराचं नावच मुळी ‘नवी’ मुंबई. ते वसवायला सिडको स्थापन झाली १९७० साली. हा किल्ला त्याच्या चारशे वर्षं आधीचा! सिद्द्यांनी तो १५६० ते १५७० च्या सुमारास बांधला असं सांगतात. १६८२ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. तेव्हा बेलापूरचं नाव शाबाज. शहाबाज गाव आजही इथेच आहे. मग अठराव्या शतकात चिमाजी अप्पांच्या काळात मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज. फत्ते झाली तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन, असा चिमाजी अप्पांचा नवस होता, त्यावरूनच ‘बेलापूर’, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, गोड आहे.

आता उरलेत पडके बुरूज आणि झाडीत हरवलेली भिंत. प्रथम पाहताना वाटतं, एवढ्याशा टेकाडासाठी चार-चार सत्ता का भांडल्या? उत्तर भिंतीत नाही, खाली पाण्यात आहे. किल्ला पनवेल खाडीच्या तोंडाशी उभा आहे. खाडीच्या आत पनवेल बंदर, तिथून बोरघाटाने देशावरची वाट. म्हणजे घाटमाथ्याचा माल समुद्राला मिळायचा तो याच तोंडातून.

आणि या वाटेचा दरवाजा उघडतो, मिटतो. भरतीला पाणी चढलं की गलबतं, मचवे आत शिरायचे. ओहोटी लागली की खाडीत चिखलच चिखल, मधे पाण्याची चिंचोळी वाट. दिवसातून दोनदा हा खेळ. शत्रूला कधी आणि कुठून यायचं, हे चंद्रच ठरवून देणार! मग किल्ल्याला अवाढव्य असायची गरज काय? भरभराटीच्या काळात इथे १८०-१८० शिपायांच्या चार तुकड्या आणि अवघ्या १४ तोफा होत्या, त्याही ४ ते १२ पौंडी. चिंचोळ्या पाण्यात अडकलेल्या लाकडी गलबताला तेवढा गोळा पुष्कळ.

गावात विचारा, कुणीतरी हमखास भुयाराची गोष्ट सांगेल. किल्ल्यातून निघतं, थेट घारापुरीला जातं, समुद्राखालून! आपल्याकडे भुयार नसलेला किल्ला कुणी पाहिलाय? मी आधी हसलो होतो. मग एकदा ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभा राहिलो. होडी चिखलात कलंडलेली, पाणी दूर गेलेलं, भरतीला अजून काही तास. समोर जायचंय आणि जाता येत नाही. अशाच कुणाला तरी बसल्या बसल्या ते भुयार सुचलं असणार.