दातदुखी, दवाखान्याची खुर्ची आणि सोसण्याची सवय

कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने या व्यासपीठावरून दातांविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. आम्ही वैद्य नाही. शाळेचे शिक्षण आमच्या वाट्याला फारसे आले नाही. जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि माणसांच्या संगतीत शिकलो. परंतु वस्त्यावस्त्यांतून हिंडताना एक गोष्ट आम्ही वारंवार पाहिली आहे. लाठीला न भिणारा, पोलिसी गाडीत हसत चढणारा गडी दाताच्या डॉक्टरांचे नाव काढताच गाल धरून गप्प बसतो. महिना-महिना लवंग चावील, दाढेखाली तंबाखू धरील, रात्र-रात्र उठून बसेल, पण त्या खुर्चीत बसणार नाही. विचारले तर एकच उत्तर: "फार दुखतं हो तिथं."

हे भय खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पूर्वी ते पुष्कळच खरे होते, आणि घाईगर्दीच्या ठिकाणी आजही कधी कधी खरे ठरते. पण दातावरील बहुतेक उपचार आज फारशा वेदनेवाचून होऊ शकतात, आणि जे दुखते त्यातले बरेचसे आपल्या उशिरामुळे व आपल्या मुकेपणामुळे दुखते, एवढे पटवून देण्याचा आजचा प्रयत्न आहे.

आधी दात दुखतो का ते पाहू. दाताचे वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याला संवेदना नाही. त्याखालच्या थरात अतिसूक्ष्म नळ्या असतात, आणि सर्वांच्या आत, एका बंद कोठडीत, दाताचा मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू आहेत. कीड कवचात असते तोवर माणसाला पत्ता लागत नाही. ती खालच्या थरात उतरली की गार पाणी झोंबते, गोड खाल्ले की कळ येते. गरापर्यंत पोचली की गर सुजतो. बोट सुजले तर त्याला फुगायला जागा असते. दाताच्या कोठडीच्या भिंती हलत नाहीत. आतला दाब वाढत जातो आणि ठणका सुरू होतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री तो अधिक जाणवतो. मग एखाद्या दिवशी ठणका आपोआप थांबतो, आणि मंडळी म्हणतात, बरे झाले! बहुधा तेव्हा आतला गर मेलेला असतो आणि पू मुळाशी उतरू लागलेला असतो.

या वेदनेशी माणसाने दिलेला लढा मोठा बोधप्रद आहे. शस्त्रक्रियेतील भुलीच्या इतिहासाची सुरुवातीची पाने दंतवैद्यांनीच लिहिली. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. १८४४ च्या डिसेंबरात त्याने 'हसवणाऱ्या वायू'चा एक करमणुकीचा प्रयोग पाहिला. त्यात एका माणसाच्या पायाला चांगलीच इजा झाली, पण त्याला तिची जाणीवच नव्हती. वेल्सने दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढच्या वर्षी बोस्टनला त्याने जाहीर प्रयोग केला. पण वायूची थैली लवकर बाजूला झाली, रोगी ओरडला, आणि जमलेल्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. औषध खरे होते, घाई नडली. १८४८ साली त्याने तुरुंगात आत्महत्या केली. त्याच्या अपयशानंतर पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने त्याच शहरात ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया घडवून दाखवली.

पण एका दाढेसाठी सबंध माणूस बेशुद्ध करणे हा जोखमीचा मार्ग. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी नुसता डोळा बधिर करून दाखवला, आणि लवकरच जबड्याचा मज्जातंतू तेवढा बधिर करण्याची युक्ती निघाली. कोकेनचे व्यसन लागे. अमेरिकन शल्यवैद्य हॉलस्टेड या प्रयोगांपायीच त्याच्या आहारी गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन रसायनज्ञ आइनहॉर्न यांनी प्रोकेन बनवले. १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन शोधले, आणि ते १९४८ पासून वापरात आले. आपल्या गावचा डॉक्टर आज जे इंजेक्शन देतो ते बहुधा याचेच.

हे औषध मेंदूला झोपवत नाही. दुखल्याची खबर मज्जातंतूवरून विजेच्या लहरीसारखी मेंदूकडे जाते. ती लहर पुढे सरकण्यासाठी तंतूच्या आवरणातील बारीक दारांतून सोडियमचे कण आत यावे लागतात. औषध ती दारे काही काळ बंद करते. दाढ उपटली जाते, पण तार तोडलेली असल्यामुळे खबर वर पोचत नाही. त्यात बहुधा थोडे ॲड्रेनलिन मिसळलेले असते, म्हणजे औषध जागेवर टिकते व रक्त कमी वाहते. त्यामुळे क्षणभर छातीत धडधडले तर घाबरू नये. मात्र हृदयविकार असेल तर आधीच सांगावे.

आता उशिराचा हिशेब. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, आणि आम्ल जागेत हे औषध तंतूच्या आत नीट शिरू शकत नाही. म्हणजे जो माणूस दुखण्याच्या भयाने शेवटच्या घटकेपर्यंत थांबतो, त्याच्याच दाढेवर भूल कमी चढते! तो ओरडतो, घरी येऊन सांगतो, आणि ऐकणारे दहाजण आणखी उशीर करतात. भय असे स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते. अशा वेळीही डॉक्टरांपाशी उपाय असतात: दुरून मज्जातंतू बधिर करणे, जादा इंजेक्शन देणे, प्रथम पू काढून सूज ओसरू देणे. औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणून सूज उतरवली म्हणजे मात्र काम झाले असे नाही. मूळ जागच्या जागी राहते.

दुसरी गोष्ट मुकेपणाची. भूल चढल्यावर वेदना जाते, पण दाब, ओढ आणि आवाज जाणवतोच. हा भेद आधी कोणी समजावून देत नाही. मग रोगी दाबालाच वेदना समजून दचकतो. आणि उलट, खरोखर दुखत असताना "काही नाही, नुसता दाब आहे" असे ऐकून गप्प बसतो. 'तक्रारीत तथ्य नाही' हे उत्तर आम्ही जन्मभर दुसऱ्या कचेऱ्यांतून ऐकत आलो आहोत. दुखते की नाही याचा एकमेव साक्षीदार खुर्चीत बसलेला माणूस असतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांशी साधा करार करावा: "दुखलं तर मी डावा हात वर करीन, तुम्ही थांबा." चांगला डॉक्टर हे आनंदाने मान्य करतो. आपल्याला थांबवता येते एवढ्या जाणिवेनेच स्नायू सैल पडतात आणि अर्धे भय ओसरते.

आणखीही मागता येते. सुईपूर्वी हिरडीवर बधिर करणारा मलम लावून मिनिट-दोन मिनिटे थांबावे. औषध सावकाश सोडावे, कारण घाईने सोडलेले औषध अधिक दुखते. खालच्या दाढेसाठी सुई जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. तेव्हा त्या बाजूचा ओठ जड व्हायला हवा. तो झाला नसेल तर तसे सांगावे. साध्या इंजेक्शनासाठी उपाशी जाऊ नये. उपाशीपोटी घेरी येते. रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, एखाद्या औषधाचे वावडे, यांतले काहीही लपवू नये, आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. लहान मुलांना "डॉक्टर सुई टोचतील हं!" असा धाक घरी कधीही घालू नये. आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे, ही रीत मुलांच्या दंतवैद्यांत रूढ आहे, आणि मोठ्यांनाही ती मानवते.

घरी आल्यावर ओठ दोन-चार तास बधिर राहतो. तोवर गरम चहा घेऊ नये, आणि मूल ओठ चावत नाही ना हे पाहावे. दाढ काढली असेल तर कापसाचा बोळा दाबून धरावा आणि त्या दिवशी जोराने चूळ भरू नये. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितलेलीच आणि भूल पुरती उतरण्यापूर्वी घ्यावी. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवणाऱ्यांची हिरडी भाजते, हे ध्यानात असावे. विडी-सिगारेट काही दिवस तरी दूर ठेवावी. नाहीतर खाचेतली रक्ताची गाठ निघून हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूळ दुखण्याहून वाईट ठणका लागतो. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशी सूज गळ्याकडे उतरून जीवही घेऊ शकते.

शेवटी मिश्रीविषयी. आपल्याकडे हजारो बायका भाजलेली तंबाखू हिरडीला लावतात, आणि पुष्कळींची सुरुवात दातदुखीवर उतारा म्हणून झालेली असते. दुखणे घटकाभर बधिर होते, सवय जन्माची जडते, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. त्या बाईला वेळेवर खुर्चीत बसवले तर दाढ तर वाचतेच, शिवाय गालाच्या आतला पांढरा चट्टाही डॉक्टरांच्या नजरेस पडतो. मात्र तिला जाता आले पाहिजे. अर्धा रोज बुडणार असेल तर ती जाणार नाही. म्हणून दाताच्या उपचारासाठी पगारी अर्धी रजा ही मागणी आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

सोसणाऱ्याचे आपल्याकडे फार कौतुक होते. जे टाळता येत नाही ते सोसावे, त्यात मोठेपणा आहे. पण जे दहा मिनिटांच्या इंजेक्शनाने टळते ते महिनोन्महिने सोसण्यात मोठेपणा कसला? ज्यांची दाढ आज गार पाण्याने नुसती झोंबते आहे, त्यांनी ती ठणकू लागण्याची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, आणि शेजारच्या भित्र्या माणसालाही बरोबर न्यावे, एवढीच विनंती.