पहिला नंबर कुणाचा?

मंडळी, आपल्या गणपतीत जेवणाच्या रांगेत एक वाद हमखास निघतो : राहायला शहर कुठलं चांगलं? कुणी सिंगापूर म्हणतं, कुणी टोरांटो, आणि एखादे काका "पुण्याला तोड नाही" म्हणून विषय संपवतात. मी पडलो इंजिनियर. म्हटलं, वाद कशाला, आकडे बघू.

अशा दोन याद्या प्रसिद्ध आहेत. मर्सर या सल्लागार कंपनीच्या यादीत 2019 साली व्हिएन्ना सलग दहाव्यांदा पहिलं आलं. पुणे आणि हैदराबाद बरोबरीने 143 वे, मुंबई 154 वी. दुसरी यादी इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची, 173 शहरांची. तिच्यात मेलबर्न 2011 ते 2017 सलग पहिलं होतं. 2025 मध्ये कोपनहेगन.

व्हिएन्नाचा नंबर उगाच लागत नाही. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी 1873 पासून उताराने वाहत शहरात येतं. जवळजवळ निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत राहतात. बस-ट्रामचा वर्षाचा पास 2012 साली 365 यूरो केला, म्हणजे दिवसाला एक यूरो!

पण मार्क देतात कसे? दुसऱ्या यादीत स्थैर्याला 25 टक्के, संस्कृती-पर्यावरणाला 25, आरोग्यसेवेला 20, पायाभूत सोयींना 20 आणि शिक्षणाला 10. मर्सरची यादी तर परदेशी पाठवलेल्या नोकरदाराला भत्ता किती द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावं म्हणून निघते. म्हणजे पेपर काढलाय साहेबासाठी. वजनं बदलली की नंबर बदलणारच.

हे मला खरं कळलं ते आईमुळे. बाबा गेल्यावर तिला पुण्याहून इकडे ह्यूस्टनला आणलं. वय 78. स्वतंत्र खोली, एसी, सगळं होतं. पण दुकान चार मैलांवर, रस्त्याला फुटपाथ नाही आणि आम्ही दोघं दिवसभर कामावर. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "अरे, मी इथे पार्सल झालेय. तुम्ही उचलाल तेव्हा हलायचं."

मग मी तक्ता केला आणि म्हटलं, आई, विषय तू काढ. तिचे विषय तीनच : भाजी पायी आणता यावी, डॉक्टर गल्लीत असावा, आणि नऊपर्यंत दुधाची पिशवी दाराला लटकलेली दिसली तर कुणीतरी बेल वाजवावी. पुणे पहिलं, ह्यूस्टन नापास!

मी माझे विषय घातले. फुटपाथवरच्या स्कूटर्स, रस्ता ओलांडणं, रात्री गरज पडली तर ट्रॅफिकमध्ये अडकलेली अँब्युलन्स, आणि मी विमानाने एक अख्खा दिवस लांब. तिने कागद पाहिला. "हे मार्क तुझ्या काळजीचे आहेत, माझ्या राहण्याचे नाहीत."

मार्चमध्ये ती परत गेली. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. फोन अवेळी वाजला की आजही पोटात गोळा येतो, हे कबूल करतो.

वाचकहो, सुट्टीच्या दिवशी आपणही तक्ता भरून पाहा. अट एकच : वय 78 धरायचं आणि गाडी चालवता येत नाही असं समजायचं. मी भरलाय. उत्तर अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.