उन्हाचा घाव, पेशीची डागडुजी



भर दुपारी मैदानावर क्रिकेट खेळून तुम्ही घरी येता. चेहरा रापलेला असतो, मान चुरचुरत असते. तोंडावर गार पाणी मारले की तुम्ही ऊन विसरूनही जाता. तुमच्या त्वचेतल्या पेशींचे काम मात्र तेव्हा जोरात चालू असते. कोणते काम, ते आज पाहू.

प्रकाश म्हणजे ऊर्जेच्या लहान लहान पुड्यांचा वर्षाव, असे भौतिकशास्त्र सांगते. या पुडीला फोटॉन म्हणतात. तरंगलांबी जितकी कमी, तितकी पुडीतली ऊर्जा जास्त. नारिंगी प्रकाशाची तरंगलांबी ६०० नॅनोमीटर धरली, तर ३०० नॅनोमीटरच्या जंबुपार (अतिनील) फोटॉनमध्ये त्याच्या दुप्पट ऊर्जा भरते. हवेतला ओझोन हे जंबुपार किरण पुष्कळसे अडवतो, पण सगळे नाही. उरलेले आपल्या त्वचेत शिरतात.

तिथे त्यांची गाठ पडते डी.एन.ए.शी. डी.एन.ए. म्हणजे पिळदार शिडीसारखा दुपेडी रेणू. त्यावरचा मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो : अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. एका पेडावर अ‍ॅडेनीन असेल तर समोर थायमीन, आणि ग्वानीन असेल तर समोर सायटोसीन, हा ठरलेला नियम. आई आणि वडील या दोघांकडून अशा सुमारे ३००-३०० कोटी जोड्या आपल्याला मिळतात.

जंबुपार फोटॉनच्या ऊर्जेमुळे एकाच पेडावरचे दोन शेजारी थायमीन कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात. शिडी तेवढ्या जागी वाकडी होते. पण लक्षात ठेवा, हा झाला घाव. हे उत्परिवर्तन नव्हे.

मग उत्परिवर्तन कधी होते? पेशीचे विभाजन होण्यापूर्वी डी.एन.ए.ची नक्कल केली जाते. घाव तसाच राहिला असेल, तर नक्कल करताना तिथे भलतेच अक्षर बसू शकते. पुढच्या नकलेत त्या चुकीच्या अक्षरासमोर त्याच्या नियमाचा जोडीदार येतो. आता शिडी सरळ आहे, जोड्या जुळलेल्या आहेत. चूक ओळखायची कशावरून? घाव दिसतो, म्हणून दुरुस्त करता येतो. उत्परिवर्तन दिसत नाही, म्हणून ते कायमचे राहते. सगळीच उत्परिवर्तने घातक नसतात. पण पेशींच्या वाढीला लगाम घालणारे जनुक बिघडले, तर कर्करोगाची सुरुवात होऊ शकते.

म्हणून ही शर्यत आहे. नक्कल होण्यापूर्वी डागडुजी व्हायला हवी. पेशीतली काही प्रथिने शिडी कुठे वाकली आहे ते हुडकतात. दुसरी प्रथिने घावाच्या दोन्ही बाजूंना छेद देऊन सुमारे ३० अक्षरांचा तुकडा काढून टाकतात. मग समोरच्या शाबूत पेडावरून नियमाप्रमाणे नवी अक्षरे भरली जातात. तुमच्या वहीच्या पानावर शाई सांडली, तर तुम्ही मित्राच्या वहीवरून ते पान उतरवून घेता ना? तसेच हे. डी.एन.ए. दुपेडी असल्याचा केवढा हा फायदा!

निसर्गाने आणखीही एक युक्ती योजली आहे. १९४८ साली अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे अल्बर्ट केल्नर हे शास्त्रज्ञ स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूंच्या बीजाणूंवर जंबुपार किरण सोडत होते. किरणांची मात्रा तीच, पण वाचणाऱ्यांची संख्या दर वेळी वेगळी! तापमानामुळे असे होते का, तेही त्यांनी तपासले. अखेर उलगडा झाला : नंतर ज्यांच्यावर साधा प्रकाश पडला होता, ते बीजाणू वाचत होते. फोटोलायेज नावाचे विकर निळ्या प्रकाशाची ऊर्जा घेऊन चिकटलेली अक्षरे सोडवते, हे पुढे कळले. प्रकाशाने केलेला घाव प्रकाशानेच भरून काढायचा! मासे, बेडूक, कांगारू यांच्याकडे हे विकर आहे, आपल्याकडे नाही. आपली सारी भिस्त त्या कापून जोडण्याच्या पद्धतीवर.

ती पद्धतच जन्मतः बिघडलेली असेल तर? झेरोडर्मा पिग्मेंटोझम या दुर्मीळ आनुवंशिक रोगात हेच घडते. अशा मुलांना थोडेसे ऊनही सोसत नाही. त्वचेवर डाग पडतात आणि कित्येकांना लहानपणीच त्वचेचा कर्करोग होतो. त्यांच्या पेशींत जंबुपार किरणांच्या घावांची दुरुस्ती नीट होत नाही, हे १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवून दिले. ऊन तेच, फोटॉन तेच. फरक फक्त डागडुजीचा. या मुलांना दिवसा अंगभर कपडे घालून, उन्हापासून जपून राहावे लागते. डी.एन.ए.च्या दुरुस्तीचे मार्ग उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ सांजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा मित्रहो, खेळ सोडू नका. पण भर दुपारी डोक्यावर टोपी असू द्या, मधूनमधून झाडाच्या सावलीत बसा. पेशीतला कारागीर अहोरात्र राबतो आहे. त्याचे काम विनाकारण वाढवू नये, एवढे तर आपल्या हाती आहे!