नोकरीची बातमी येते कुठून?

नोकरी शोधायची ठरली की आपण आधी कोणाला सांगतो? घरच्यांना, जिवलग मित्रांना, मामाला, आत्याच्या यजमानांना. ज्यांना आपली काळजी, तेच आपल्यासाठी खटपट करणार, यात शंका कसली? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने मात्र ती घेतली, आणि हाती भलतंच लागलं.

बोस्टनलगतच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या 282 पुरुषांकडून त्याने माहिती गोळा केली. सगळे तंत्रज्ञ, व्यावसायिक, व्यवस्थापक अशा पेशांतले. निम्म्याहून जास्त लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. इथवर नवल नाही. पण ज्याच्याकडून नोकरीचं कळलं त्याची तेव्हा कितपत गाठ पडायची, असं त्याने पुढे विचारलं. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले जेमतेम 16.7 टक्के. अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के. आणि वर्षातून फार तर एकदा दिसणारे तब्बल 27.8 टक्के! कॉलेजातला जुना सोबती, आधीच्या कचेरीतला सहकारी किंवा साहेब, अशी ही मंडळी. एरवी त्यांची आठवणही झाली नसती.

या विचारावरचा त्याचा लेख 1969 साली एका नामांकित नियतकालिकाने साभार परत केला. 1973 मध्ये तो दुसरीकडे छापून आला, आणि आज समाजशास्त्रात सर्वाधिक उल्लेख होणाऱ्या लेखांत त्याची गणना होते. (नकाराचे मेल साठवून बसलेल्यांनी याची नोंद घ्यावी.)

लांबच्या ओळखीच जास्त कामी का याव्यात? कारण साधं आहे, पण सांगितल्याशिवाय सुचत नाही. समजा, सांगलीतली एक मुलगी डिप्लोमा करून काम शोधते आहे. तिच्या चार जिवलग मैत्रिणी एकमेकींच्याही मैत्रिणी आहेत. सगळ्या एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. एकीला जी जाहिरात दिसली ती बाकीच्यांनी आधीच पाहिलेली. माया भरपूर, बातमी मात्र शिळी. आणि प्रशिक्षणात आठवडाभर शेजारी बसलेली, आता चाकणच्या कारखान्यात असलेली ती दुसरी? तिच्याभोवतीची माणसं वेगळी, म्हणून तिच्या कानावर येणारी खबरही वेगळी. दोन घोळक्यांना जोडणारा पूल बहुधा तोंडओळखीचाच असतो. घट्ट मैत्री असती तर दोन्हीकडचे लोक एव्हाना एकमेकांना भेटून एकच घोळका झाला असता.

याला वशिला समजू नये. वशिल्यात कोणीतरी आपलं वजन खर्च करतं. इथे बहुतेकदा फक्त बातमी हाती येते, आणि ती देणाऱ्याचं काही जात नाही.

2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या कल्पनेची जंगी परीक्षा प्रसिद्ध झाली. लिंक्डइनवर ‘यांना तुम्ही ओळखत असाल’ म्हणून जी नावं सुचवली जातात, ती पाच वर्षं वेगवेगळ्या लोकांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे सुचवली गेली. लोक होते दोन कोटींच्या घरात. ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं टिकलं, पण त्याला दोन पुरवण्या जोडल्या गेल्या. अगदी विरळ ओळखीचाही उपयोग कमीच, मध्यम पातळ ओळख सर्वांत कामाची. आणि जिथे संगणकाचा वावर कमी, अशा उद्योगांत मात्र घट्ट नातीच जास्त उपयोगी पडली.

ही दुसरी पुरवणी वाचताना मला मुंबईचं गिरणगाव आठवलं. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गाववाल्यांच्या खोलीत उतरे आणि भाऊबंदांच्या ओळखीने जॉबरपर्यंत, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमापर्यंत, पोहोचे. सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाल्यांची, म्हणजे गैरहजर कामगारांच्या जागी काम मिळेल या आशेने आलेल्यांची, गर्दी असायची, तेव्हा काम कुठे आहे हे गुपित नव्हतंच. या माणसाची हमी कोण घेणार, हा प्रश्न होता. आणि हमी परका घेत नाही.

बातमी हवी की हमी, हे आधी ठरवलं की नोकरीशोधाची आखणी सोपी होते. बातमीसाठी लांबच्यांकडे जावं. आधीच्या कामावरचे, शिक्षणात दोन वर्षं पुढचे, शहर बदललेले, अशांची नावं कागदावर काढा आणि रोज एका-दोघांना चार ओळी लिहा. ‘माझ्यासाठी काही आहे का’ असं विचारलं की समोरचा अवघडतो, कारण बातमी द्यायच्या जागी त्याच्याकडे हमी मागितली जाते. ‘तुमच्याकडे सध्या कसली माणसं लागतात, काय यावं लागतं’ असं विचारलं तर तो मोकळेपणाने बोलतो. जवळच्यांना त्रास द्यायचा तो नंतर, शिफारशीची खरी गरज पडेल तेव्हा.

एवढं करूनही पहिल्या आठवड्यात कोणी उत्तर दिलं नाही, तर यादी फाडू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा लिहा.