‘कलम’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि मराठवाड्यातील वापर

सारांश

लेखनसाधनांची नावे ही भाषेच्या सांस्कृतिक इतिहासाची साधने असतात. ‘कलम’ हा मराठीतील नित्य वापराचा शब्द लेखणी, झाडाचे कलम, कायद्याचे कलम व चित्रशैली अशा परस्परांपासून दूर वाटणाऱ्या अर्थांनी रूढ आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, त्याचा अर्थविस्तार आणि नांदेड-लातूर परिसरातील भाषिक पार्श्वभूमीवर त्याचा वापर यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कलम, लेखणी, बोरू, अर्थविस्तार, मोडी, दफ्तर, मराठवाडा.

प्रास्ताविक

न्यायालयाच्या आवारात ‘कोणते कलम लावले?’ असा प्रश्न विचारला जातो, रोपवाटिकेत ‘केशरची कलमे आली का?’ अशी चौकशी होते, तर सभेत ‘एककलमी कार्यक्रम’ जाहीर होतो. या तिन्ही ठिकाणी बोलणाऱ्याच्या मनात लिहिण्याच्या साधनाचा विचार नसतो. तरीही शब्द एकच आहे आणि त्याचे मूळ पाणथळ जागी उगवणाऱ्या एका पोकळ काडीत आहे. शब्दाचे अर्थ बदलतात हे भाषाविज्ञानाचे सर्वपरिचित तत्त्व होय. परंतु एखादा अर्थ कोणत्या वाटेने बदलला हे दाखविता आले, तरच त्या तत्त्वाला अभ्यासाचे मोल येते. या दृष्टीने ‘कलम’ हा शब्द विशेष बोलका आहे.

लेखनसाधनांची शब्दसृष्टी

मराठीतील लेखनविषयक शब्द तीन थरांत विभागता येतात. पहिला थर संस्कृतोद्भव शब्दांचा. ‘लेखणी’ हा शब्द संस्कृत ‘लेखनी’पासून आला असून त्याच्या मुळाशी ‘लिख्’ हा धातू आहे. या धातूचा मूळ अर्थ ‘ओरखडणे, कोरणे’ असा आहे. ताडपत्रावर लोखंडी शलाकेने अक्षरे कोरण्याची दक्षिणेतील पद्धत पाहता हा अर्थ आजही प्रत्यक्ष दिसतो.

दुसरा थर अरबी-फारसी शब्दांचा. ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’ म्हणजे काळेपणा यावरून आला. म्हणून ‘लाल शाई’ हा शब्दप्रयोग व्युत्पत्तीच्या दृष्टीने विसंगत, पण व्यवहाराच्या दृष्टीने निर्दोष ठरतो. ‘दौत’ अरबी ‘दवात’वरून आणि ‘कागद’ फारसी ‘कागज’वरून आला. ‘दफ्तर’ हा शब्द फारसी-अरबीमार्गे मराठीत आला असला, तरी त्याचे मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’ म्हणजे कातडे या शब्दात सांगितले जाते. ‘चिटणीस’, ‘फडणीस’, ‘पारसनीस’ या आडनावांतील ‘नीस’ हे पद फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा याचेच रूप होय.

तिसरा थर इंग्रजी अमदानीतील शब्दांचा. ‘पेन’ हा शब्द लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे पीस या शब्दापासून, तर ‘पेन्सिल’ ‘पेनिसिलस’ म्हणजे लहान शेपटी, अर्थात कुंचला, या शब्दापासून आला. ध्वनिसाम्य असूनही या दोन शब्दांची मुळे वेगळी आहेत. या तीन थरांच्या जोडीला ‘बोरू’ आणि ‘टाक’ हे लोकव्यवहारातील शब्द आहेत. बोरू म्हणजे तासून, टोकाला चीर देऊन तयार केलेली वेताची अथवा देवनळाची लेखणी. टाक म्हणजे दौतीत बुडवून लिहिण्याची, पुढे धातूचे टोक बसविलेली लेखणी.

‘कलम’ शब्दाची व्युत्पत्ती

‘कलम’ हा शब्द मराठीत फारसीमार्गे आला आणि फारसीत तो अरबीतून आला, याविषयी मतभेद नाही. अरबी ‘कलम’च्या मुळाविषयी मात्र दोन विचार आढळतात. अरबी कोशकारांच्या परंपरेत हा शब्द ‘तासणे, छाटणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो; नखे कापण्यासाठीही हाच धातू वापरतात. आधुनिक भाषाभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे, की हा शब्द ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, वेत यापासून आला. लॅटिन ‘कालामुस’ हे त्याच ग्रीक शब्दाचे रूप होय. कुराणातील अडुसष्टाव्या अध्यायाचे नावच ‘अल्-कलम’ आहे. यावरून इसवी सनाच्या सातव्या शतकात हा शब्द अरबीत पूर्णपणे रुळलेला होता हे स्पष्ट होते. पुढे तो फारसी, तुर्की व उर्दूत आणि पूर्व आफ्रिकेतील स्वाहिलीतही पोहोचला. गुरू नानकांच्या ‘जपुजी’मध्ये हा शब्द येतो. नांदेडलगतच्या तेलंगणातील तेलुगू भाषेतही लेखणीला ‘कलम्’ म्हणतात.

येथे एका गैरसमजाचा विचार करणे आवश्यक आहे. संस्कृतात ‘कलम’ हा शब्द आहे, म्हणून मराठी ‘कलम’ संस्कृतोद्भव आहे असे काही वेळा प्रतिपादन केले जाते. अमरकोशात आणि कालिदासाच्या ‘रघुवंशा’त येणारा ‘कलम’ ही भाताची एक जात आहे. लेखणी हा अर्थ उत्तरकालीन कोशांत आढळतो, आणि तो बाहेरून आलेल्या शब्दाचा परिणाम असण्याची शक्यता अधिक आहे. समान उच्चार हा समान उगमाचा पुरावा नव्हे, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा या उदाहरणातून विद्यार्थ्यांना सहज समजावून देता येतो.

अर्थविस्ताराच्या तीन वाटा

‘कलम’चे आजचे विविध अर्थ तीन वाटांनी विकसित झाले आहेत.

पहिली वाट कापण्याच्या क्रियेची. बोरू तासल्याशिवाय, त्याला तिरपा छेद दिल्याशिवाय लिहिता येत नाही. त्यासाठी वापरायच्या चाकूला ‘कलमतराश’ हे नाव होते. फारसीत ‘कलम करणे’ म्हणजे कापणे असा वाक्प्रचार रूढ झाला आणि ‘शिर कलम करणे’ या रूपाने तो मराठीत आला. तिरपा छेद दिलेली झाडाची काडी आणि तासलेला बोरू यांतील साम्य उघड आहे. त्यामुळे लागवडीसाठी कापलेल्या फांदीला ‘कलम’ हे नाव मिळाले. पुढे या अर्थातील कापण्याचा अंश मागे पडून जोडण्याचा अंश पुढे आला. ‘पाचर कलम’, ‘भेट कलम’, ‘कोय कलम’ या संज्ञांत दोन झाडांचा सांधा महत्त्वाचा आहे. ‘छाट कलम’ या संज्ञेत मात्र जुना अर्थ टिकून आहे, कारण तेथे जोड नसतो. छाटलेली काडीच मातीत रुजविली जाते. जो शब्द शिरच्छेदासाठी वापरला गेला, तोच नवे झाड जगविण्यासाठीही वापरला जावा, हे अर्थविस्ताराचे लक्षणीय उदाहरण होय.

दुसरी वाट लिहिलेल्या मजकुराची. साधनाच्या नावाने त्यातून निर्माण झालेल्या वस्तूचा बोध होणे ही लक्षणा होय. लेखणीने लिहिलेली एक नोंद, एक बाब म्हणजे एक ‘कलम’. मराठेशाहीतील याद्या, करारमदार व हिशेब यांत बाबी कलमवार मांडल्या जात. ‘कलमबंदी’ हा शब्द त्यातूनच आला. ‘एककलमी कार्यक्रम’ म्हणजे एकच बाब असलेला कार्यक्रम. कायद्याच्या भाषेत हा अर्थ स्थिरावला. राज्यघटनेच्या अधिकृत मराठी अनुवादात ‘अनुच्छेद’ ही संज्ञा असूनही लोकव्यवहारात ‘कलम ३७०’ असेच म्हटले गेले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ जाऊन कलम १०३ आले. कायदा बदलला, क्रमांक बदलला, पण ‘कलम’ हा शब्द कायम राहिला.

तिसरी वाट हाताच्या वळणाची. चित्रकाराचा कुंचलाही ‘कलम’ म्हणविला गेला आणि त्यावरून ‘मोगल कलम’, ‘कांगडा कलम’ अशी शैलींची नावे पडली. आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्ती येथील ‘कलमकारी’त आजही कापडावर कलमाने रेखाटन केले जाते.

व्याकरणदृष्ट्याही या अर्थभेदाची नोंद घ्यावी लागते. कायदा व बागाईत या क्षेत्रांत ‘कलम’ हा शब्द नपुंसकलिंगी व स्थिर आहे. लेखणी या अर्थी मात्र त्याचे लिंग तसे स्थिर नाही. लेखणीचा अर्थ मराठीत दुय्यम होत गेला, याचे हे गमक मानता येईल.

मराठवाड्यातील भाषिक पार्श्वभूमी

परभाषीय शब्दांच्या जागी स्वभाषीय शब्द योजण्याचा मराठीतील पहिला संघटित प्रयत्न शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोश’ हा होय. रघुनाथपंत हणमंते यांच्या या कोशातील दहा वर्गांत ‘लेखनवर्ग’ हा स्वतंत्र वर्ग आहे. तथापि ‘कलम’, ‘कागद’, ‘शाई’ हे शब्द भाषेतून गेले नाहीत. मराठवाड्यात तर त्यांना राजव्यवहाराचा दीर्घ आधार लाभला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथे आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि खासगी हिशेबात मोडी अशा त्रिविध व्यवहारात येथील शिक्षित पिढ्या वाढल्या. निलंगा येथे १९१० मध्ये जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली व उर्दू काव्याचाही मराठी वाचकांना परिचय करून दिला. त्यामागे ही बहुभाषिक घडण होती.

लेखनसामग्रीच्या बाबतीतही या प्रदेशाची परंपरा समृद्ध आहे. खुलताबादजवळील कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध झाले. लातूरलगतच्या अंबाजोगाई येथील दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिला. दिवाळीतील वहीपूजनात दौत-लेखणीची पूजा होते. विशेष म्हणजे पूजेच्या या प्रसंगी ‘लेखणी’ येते आणि कचेरीत ‘कलम’ येते. एकाच वस्तूच्या दोन नावांनी धार्मिक व राजकीय अशी दोन क्षेत्रे वाटून घेतल्याचे दिसते.

शब्दज्ञानाची आजची निकड

हा विचार केवळ कोशापुरता मर्यादित नाही. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निजामकालीन दफ्तरे तपासताना मोडी व उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची गरज ठळकपणे समोर आली. एखाद्या कुटुंबाचा दावा जुन्या कागदावरील एका नोंदीवर, म्हणजेच जुन्या अर्थाने एका ‘कलमा’वर, अवलंबून असू शकतो. ती नोंद वाचणारा अक्षर ओळखूनही शब्द ओळखत नसेल, तर वाचन अपुरे राहते आणि चुकीचे वाचन अन्यायकारक ठरते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांत मराठी, उर्दू व इतिहास हे विभाग बहुधा एकाच आवारात असतात. त्यांनी एकत्रितपणे मोडी वाचन आणि दफ्तरी शब्दावली यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालविल्यास स्थानिक गरज स्थानिक पातळीवरच भागू शकेल.

निष्कर्ष

१. ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीमार्गे मराठीत आला. भाताची जात दर्शविणाऱ्या संस्कृत ‘कलम’शी त्याचा संबंध जोडणे योग्य नाही.

२. कापण्याची क्रिया, लिहिलेली नोंद आणि हाताचे वळण या तीन वाटांनी त्याचा अर्थविस्तार झाला.

३. लेखणी हा मूळ अर्थ क्षीण झाला असून कायदा व बागाईत या क्षेत्रांतील अर्थ प्रबळ झाले आहेत.

४. मराठवाड्यातील जुन्या दफ्तरांच्या वाचनासाठी लिपिज्ञानाबरोबरच अशा शब्दांचे अर्थज्ञान अनिवार्य आहे.

समारोप

परकीय शब्द भाषेत आला की भाषा दुर्बल होते, हे मत ‘कलम’च्या बाबतीत टिकत नाही. या शब्दाने मराठीला कायद्याची, बागेची आणि चित्रकलेची परिभाषा दिली. ‘लेखणी’ही त्यामुळे लोपली नाही. बागाईतदार दुसऱ्या झाडाची काडी आपल्या खुंटावर बांधतो आणि फळ आपल्या मातीत घेतो. मराठीने ‘कलम’ या शब्दाचेही तसेच कलम केले आहे.